डोंगरीचा सतरा नंबर

बाई,

भाईंदरजवळच्या डोंगरीच्या सतरा नंबरच्या दगडाचं काय करायचं ते मला कळत नाहीये. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत कामातली एकही अडचण मी तुमच्यापर्यंत आणली नाही, मनातल्या मनातसुद्धा. अडलं तर पुस्तक उघडलं, पुस्तकात मिळालं नाही तर दगड पुन्हा कापला. या अडचणीचं उत्तर मात्र असलंच तर तुमच्याकडे असणार, आणि कदाचित तुमच्याकडेही नसेल. आज रविवार. सकाळपासून भाईंदरच्या घरात कागद पुढ्यात घेऊन बसलोय. बायकोने दोनदा विचारलं, "कॉलेजचं काम घरी कशाला आणलंय?" मी म्हटलं, "जुनं आहे." ती म्हणाली, "तुमचं सगळं जुनंच असतं. दगड तर साडेसहा कोटी वर्षांचे." तुम्ही असतात तर तिला म्हणाला असतात, "मुंबईकडचे जरा धाकटे आहेत हो," आणि मग हसला असतात.

झालंय असं. भूशास्त्र विभागात एक मुलगी आलीय, पीएचडी करतेय. राहायला मीरा रोडलाच. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही, पण मी म्हणतो म्हणून तीही तुम्हाला 'बाई'च म्हणते. पंधरवड्यापूर्वी लॅबमध्ये आली आणि म्हणाली, "काका, बाईंच्या पेपरमधला तो डोंगरीचा सतरा नंबर आहे ना, त्याचा उरलेला तुकडा असेल का हो? मला तो तपासायला पाठवायचाय. आता एकेका कणाचं रसायन काढता येतं." मी म्हटलं, "असेल का म्हणजे? आहे. या लॅबमधून एक तुकडा कधी बाहेर गेलेला नाही." ती म्हणाली, "काका, तुम्ही पण ना. बँकेच्या लॉकरपेक्षा कडक." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. जेमतेम बारावी झालेला माणूस मी, शब्दकोश मांडीवर घेऊन खनिजशास्त्राचं पुस्तक दोनदा पूर्ण वाचलेला. पीएचडीवाले माझ्या दाराशी येतात तेव्हा मला बरं वाटतं.

तुकडे ठेवायची सवय तुमचीच. नोकरीतलं माझं दुसरं वर्ष होतं. करवतीने दगडाची चकती कापली की उरलेला भाग मी झाडून कचऱ्यात टाकायचो. एका सकाळी तुम्ही करवतीपाशी येऊन विचारलंत, "कालचे तुकडे कुठेत?" मी म्हटलं, "टाकले." तुम्ही सरळ मागच्या आवारातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी गेलात. साडीचा पदर खोचलात आणि हात घातलात. मी धावत गेलो. चहाच्या चोथ्यातून आपण दोघांनी मिळून एकवीस तुकडे काढले. ते धुताना तुम्ही मला म्हणालात, "स्लाइड म्हणजे साक्ष. तुकडा म्हणजे साक्षीदार. तुम्ही साक्षीदाराला गाडीत बसवून गावाला पाठवून दिलंत." शिपाई बघत होता, दोन विद्यार्थी बघत होते. मला इतका राग आला होता की तीन दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो. चौथ्या दिवशी बिस्किटांचे पत्र्याचे डबे गोळा करायला लागलो. आज असे एकशे चौदा डबे आहेत.

डोंगरीच्या डब्यातून मी सतरा नंबरची पिशवी काढली. तुकडा काळा, बारीक कणांचा. धुतला, ओला असतानाच भिंगाखाली धरला. त्यात गारेचा, पुस्तकातल्या क्वार्ट्झचा, एकही कण नाही. उलटा केला, कडा पाहिल्या. नाही. मग का कोण जाणे, त्याच महिन्यात कापलेल्या दगडांचा दुसरा डबा मी उघडला. तुम्हाला आठवत असेल, एक विद्यार्थी रायगडच्या किनाऱ्यावरून दगड घेऊन आला होता. त्यातलाही सतरा नंबर काढला. तोही काळा, तोही बारीक. पण त्याच्या एका कडेला, भिंगाशिवाय दिसेल न दिसेल असा, गारेचा गोल कण आहे आणि त्याच्याभोवती हिरवट किनार आहे. तुमच्या पेपरात ज्याचा फोटो पहिल्या पानावर आहे, अगदी तसा.

मी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले, बाई. पेपरचं पहिलं पान काढून त्यांच्यापाशी धरलं.

त्या फोटोचा दिवस मला अजून दिसतो. तुम्ही सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या आहात, चष्मा कपाळावर. स्लाइड फिरवताय, थांबताय, पुन्हा फिरवताय. मग एकदम, "अहो, इकडे या, इकडे या!" मी डोळा लावतो. साध्या उजेडात मध्ये स्वच्छ पांढरा कण आणि भोवती फिकट हिरव्या काड्यांचा हार. उजेड गाळणारे दोन्ही निकोल आडवे टाकल्यावर मधला कण राखाडी होतो आणि हार निळा-केशरी पेटतो. तुम्ही माझ्या खांद्यावर थाप मारता. विभागात कोणी कोणाला हात लावत नसे. "ही गार इथली नाही," तुम्ही म्हणता. "काळ्या शिलारसात गार जन्मतच नाही. ही गोऱ्या शिलारसातली आहे, ज्याच्यापासून डोंगरीचा फिकट दगड झाला त्यातली. ती काळ्यात पडली, कडेने विरघळायला लागली आणि तिच्याभोवती हा हार धरला. म्हणजे दोघं खाली एकाच वेळी पातळ होते. भेटले होते हो!" भेटले होते, हे तुम्ही असं म्हणालात जसं काही लग्न जुळलं. त्यावरून तुम्ही पेपर लिहिलात. बाकी पुरावे होते, नव्हते असं नाही, पण कणा त्या स्लाइडचाच. शेवटी आभारात माझं नाव छापलंत, "छेद यांनी तयार केले" म्हणून. छापील कागदावर माझं नाव असलेली तेवढी एकच जागा आहे. ते पान मी फ्रेम करून लावलेलं नाही, पण कपाटात कुठल्या फाइलीत आहे ते अंधारातही सांगेन.

आता नंबराची गोष्ट सांगतो. पद्धत अशी की काचेवर आधी हिऱ्याच्या पेन्सिलीने नंबर कोरायचा आणि मगच तिच्यावर दगडाची चकती चिकटवायची. कारण चकतीवर लिहिलेला नंबर घासताना पावडरीच्या चिखलात जातो. दगड घासत घासत मिलिमीटरच्या शंभरातले तीन भाग उरला पाहिजे, केसाच्या निम्म्याहून कमी. तिथे शाईचं काय घेऊन बसलात. हे मीच नव्या पोरांना शिकवतो, कान पिळून शिकवतो. पण त्या वर्षी मी नंबर शेवटी कोरायचो. सगळ्या स्लाइडी पूर्ण झाल्या की ओळीने मांडायचो आणि मग एकदम कोरायचो. मला कोणी टोकलं तर म्हणायचो, "मला दगड चेहऱ्याने ओळखू येतो. तुम्हाला शेजाऱ्याच्या गळ्यात पाटी लागते का?" त्या आठवड्यात हॉटप्लेटवर दोन ओळी होत्या, पुढची डोंगरीची, मागची रायगडची. तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी परिषदेला जायचं होतं. तुम्ही दोनदा येऊन गेलात, "झाल्या का?" मी स्लाइडी प्लेटवरून काढून खिडकीत थंड करायला ठेवल्या. कुठल्या क्रमाने ठेवल्या? खिडकीतून उचलताना डावीकडून उचलल्या की उजवीकडून? मी डोळे मिटून शंभरदा ती खिडकी पाहिली. कधी डोंगरीची ओळ पुढे दिसते, कधी मागे. जितकं आठवावं तितकं ते आठवणं खोटं वाटायला लागतं.

आणि तरी माझी चूक झालीच असं म्हणता येत नाही. दगड काही बर्फी नाही, की कुठूनही काप, सारखीच. एका तुकड्यात कण असेल, बोटभर अंतरावर नसेल. रायगडच्या दगडातही असा कण असू शकतो, म्हणजे डोंगरीच्यात नव्हता असं थोडंच होतं? रायगडच्या स्लाइडी तो विद्यार्थी तेव्हाच घेऊन गेला, म्हणून पेपरातली स्लाइडच मी उरलेल्या तुकड्यांशी जुळवून पाहिली, फाटलेल्या नोटेचे दोन भाग जुळवतात तशी. पण घासताना कोपरे गोल होतात. दोन्ही तुकड्यांशी जुळल्यासारखी वाटते आणि दोन्हींशी नाहीसुद्धा. मग डोंगरीच्याच तुकड्याचा नवा छेद केला. या वेळी नंबर आधी कोरला.  छेदात गार नाही. त्याने काय सिद्ध झालं? काहीच नाही.

पण खरं मला विचारायचंय ते वेगळंच आहे.

तुम्ही निवृत्त होऊन भाईंदरला राहायला आलात, तेव्हा मी दर महिन्या-दोन महिन्यांनी यायचो. एका मे महिन्यात गावाहून फणस आणला होता. तुमच्या ओट्यावर तो ठेवला आणि तुम्ही विचारलंत, "पिकलाय का?" मी बोटाने ठोकलं, कान लावला, म्हटलं, "उद्या संध्याकाळी कापा." तुम्ही तर पळीच खाली ठेवलीत. "न कापता आतलं कसं कळलं तुम्हाला?" "आवाजावरून." "मग झालं की! वर्गात मी चाळीस मिनिटं घालवायचे यावर. पृथ्वीच्या पोटात कोण जाऊन आलंय? भूकंप म्हणजे कुणीतरी मारलेली टिचकी. लाटा कुठे वळतात, कुठे अडतात, कुठे पोचतच नाहीत, त्यावरून प्रावरण कुठे संपतं, गाभा पातळ कुठे, घट्ट कुठे, सगळं ऐकून काढलेलं. चंद्राचंही तसंच, मंगळाचंही तसंच करणार." मी म्हटलं, "चुकत नाही का?" तुम्ही म्हणालात, "तुमचा फणस कधी चुकला नाही?" मी म्हटलं, "माझा नाही चुकत." आणि तुम्ही हसलात. कुठल्या अर्थाने हसलात ते तेव्हा मी पाहिलं नाही.

त्याच ओट्यापाशी, वर्षाभराने. तुम्ही आजारी, भिंतीला धरून चालणाऱ्या. मी चहा करत होतो, तुम्हाला उभं राहवत नव्हतं म्हणून. तुम्ही खुर्चीतून, अगदी सहज, म्हणालात, "तो डोंगरीचा सतरा नंबर आहे ना, त्याची आणखी एक स्लाइड कराल का? उरलेल्या तुकड्यातून. वेळ मिळाला तर." माझ्या डोक्यात एकदम काहीतरी चढलं. मी गॅस बंद केला. म्हटलं, "का? पहिलीत काय कमी आहे? बाई, माझ्या हातावर आता विश्वास राहिला नाही का?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चहा उतू गेला नव्हता, तरी तुम्ही म्हणालात, "चहा बघा." आणि विषय संपला. त्यानंतर तुम्ही चार महिने होतात. पुन्हा कधी विचारलं नाहीत.

हे मला कळत नाहीये. तुम्हाला शंका आली होती का? आली होती तर कधीपासून? की नुसता चांगला फोटो हवा होता, जुन्यात एक बुडबुडा होता म्हणून? तुम्हाला कळलं असेल आणि माझा अपमान होऊ नये म्हणून स्वतःचा पेपर तसाच राहू दिला असेल, तर मग कचऱ्याच्या डब्यात हात घालणारी बाई कुठे गेली? आणि तसं नसेल, तर मी आज तुमच्यावर हे काय लादतोय? तुमचं आयुष्यभराचं एक वाक्य, "दोघं भेटले होते," ते मी माझ्या एका खिडकीच्या आठवणीवरून पुसायला निघालोय. दोन्ही बाजूंनी तुमच्याशी वाईट वागल्यासारखं होतं.

गेल्या रविवारी मी डोंगरीला गेलो. भाईंदरहून बस धरली, मुर्धा मागे टाकलं, तुमची फील्डची वही पिशवीत. तुम्ही लिहिलंय, "देवळामागची पायवाट, दोन ताडांच्या पलीकडे, काळी भिंत, हाताची रुंदी." देऊळ सापडलं, ताड एकच. पुढे कंपाउंड. मी हातोडी घेऊन वाकून फिरतोय, तर एक म्हातारे गृहस्थ ओट्यावरून ओरडले, "काय शोधताव? सोना हाय काय?"

"दगड शोधतोय, बाबा."

"दगड?" ते घरात तोंड करून हसले. "अगे, हा मानूस डोंगरीला दगड शोधतंय! दगडाशिवाय काय हाय हितं? ने, पायजे तेवढा ने."

मी विचारलं, "इथे काळ्या दगडाची एक पट्टी होती. फिकट दगडातून वर गेलेली."

"व्हती. पोरं तिला सापाची वाट म्हनायची. आता न्हाय, तिच्यावर बंगला हाय. एक बाई यायची हातोडी घेऊन, लय वर्सां झाली. माझ्या आयशीने तिला ताक दिलेला. ती बाई हाय काय?"

"नाही," मी म्हटलं.

"तू तिचा कोन?"

 म्हटलं, "तिच्या हाताखाली काम करायचो." कंपाउंडच्या पायाशी काळ्या दगडाची चारदोन ढेकळं पडली होती, त्यातलं एक फोडलं. एक पांढरा कण दिसला. भिंग लावलं. गार असेल, किंवा पोकळीत नंतर भरलेलं काही असेल. तीस वर्षं मी लोकांना छातीठोक सांगत आलो की हे अमुक, ते तमुक. तिथे उन्हात उभं राहून मला सांगता येईना. कणासकट तो तुकडा तसाच पिशवीत घातला.

परवा, शुक्रवारी, त्या मुलीला बोलावलं. टेबलावर तिन्ही तुकडे ठेवले, जुनी आणि नवी अशा दोन्ही स्लाइडी ठेवल्या. सगळं सांगितलं. नंबर बदलले असू शकतात हे सांगितलं. ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही हे मला सांगितलं नसतं तर मी एकच तुकडा पाठवला असता." मी नवी स्लाइड तिच्याकडे सरकवली. ती म्हणाली, "दोन्ही पाठवते. हा डोंगरीहून आणलेलापण. महिना-दीड महिना लागेल. बाईंचं बरोबर निघालं तर?" "तर बरंच आहे." "आणि चुकीचं निघालं तर?" मी म्हटलं, "तर तसं लिही." हे म्हणताना माझा आवाज ठीक होता. तुम्हाला हेच हवं असणार एवढं मी धरून चाललोय. चुकत असेन तर आता तुम्ही काही मला थांबवू शकत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटतं, सुटल्यासारखंही.

मग तिने वही काढली. "काका, नोंद करून ठेवते. हे नंबर बदलले कसे असतील?" तिने इतक्या सरळ विचारलं, पेन धरून, मान खाली घालून. मी म्हटलं, "त्या दिवशी लाइट गेली होती. अंधारात गडबड झाली." ती म्हणाली, "मग त्यात तुमची काय चूक, काका?" आणि तिने तेच लिहून घेतलं. उद्या सोमवार. ती नोंद खोडायला तिची वही मला मागायची आहे आणि काय म्हणून मागायची ते सकाळपासून जुळत नाहीये. तुम्हाला हे पत्र पोचणार नाही, म्हणून इथे आधी लिहून बघतो.

लाइट गेली नव्हती, बाई. पंखा चालू होता. काचेवर धूळ बसत होती, म्हणून मीच उठून बंद केला होता.